मृगाच्या पहिल्या रात्री ओरडणारे बेडूक उरलेले आठ महिने असतात तरी कुठे?

सड्यावरचा | ९ जून, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. हे लिहीत असताना बाहेर असा काही कल्लोळ चालला आहे, की खिडकी लावूनही उपयोग होत नाही. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी काल तिन्हीसांजेला पहिला दणदणीत पाऊस झाला आणि रात्री नऊच्या सुमारास परसामागच्या खाचरातून 'डरांव डरांव' सुरू झाले, ते पहाटेपर्यंत थांबले नाही. आज बॅटरी घेऊन बांधावर जाऊन पाहिले. घोटाभर पाण्यात वीस-पंचवीस मोठे बेडूक होते, हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक, आणि ओरडताना प्रत्येकाच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेशार फुगे फुगत होते. परवापर्यंत याच खाचरातील भेगांत माझे बोट जात होते. एका रात्रीत एवढे बेडूक आले कुठून?

या प्रश्नाला आणखी एक कारण आहे. एप्रिलमध्ये माडासाठी खड्डा खणत असताना साधारण हातभर खोलीवर एक बेडूक निघाला. तो मात्र पिवळा नव्हता. मातकट रंगाचा, गोटीसारखा गोल, पाय पोटाशी घेतलेला आणि डोळे मिटलेला होता. मी तो मेलेला समजून बाजूला टाकणार होतो, तेवढ्यात आमचा गडी म्हणाला, "मेलेला नाय तो, निजलाय. मिरगाला उठंल." त्याने तो शेजारी दुसरा खड्डा करून त्यात ठेवला आणि वर माती लोटली. तेव्हापासून डोक्यात हाच विचार आहे, की न खाता, न पिता, तापलेल्या जमिनीत हा जीव इतके महिने काढतो कसा आणि पाऊस आल्याचे त्याला खाली कळते कसे? जाणकारांनी कृपया लिहावे.

आळसोबा | १० जून, सकाळी ८.०५

आमच्या कचेरीत असे दोन सद्गृहस्थ आहेत. वर्षभर निजतात आणि वेतनवाढीच्या आठवड्यात पिवळे होऊन ओरडतात. त्यांचा अभ्यास करून सविस्तर कळवतो.

अबोली_कराड | १० जून, सकाळी ९.२०

आमची आजी सांगत असे, की हे बेडूक पावसाबरोबर ढगातून पडतात. ते काही खरे नसावे, हे मला समजते. परंतु पिवळे बेडूक ही निराळी, विषारी जात असून ती बाहेरच्या देशातून आली आहे, असा संदेश गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या गटावर चित्रफितीसह फिरत होता. मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देऊ नये, असेही त्यात बजावले होते. त्यात तथ्य आहे का?

निवृत्त_गुरुजी | १० जून, दुपारी १२.४५

अबोलीताई, तो संदेश खोटा आहे. ते पिवळे बेडूक अस्सल इथलेच आहेत. आमच्या पिढीने ज्याला 'राना टिग्रिना' म्हणून पाठ केले आणि ज्याचे नाव आता 'हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस' झाले आहे, तोच हा भारतीय बैलबेडूक. एरवी त्याचा रंग हिरवट-तपकिरी असतो, पाठीवर गडद ठिपके असतात आणि बहुधा मधोमध एक फिकट रेघ असते. पहिल्या जोरदार पावसानंतर विणीच्या काळात नर थोड्या दिवसांपुरते पिवळे होतात. ओरडतात तेही नरच. निळे फुगे म्हणजे त्यांच्या स्वरपिशव्या. फुप्फुसातील हवा स्वरयंत्रातून या पिशव्यांत आणि तेथून परत फुप्फुसात अशी फिरते, त्यामुळे तोंड न उघडता एवढा आवाज काढता येतो. तुम्ही पुढच्या महिन्यात त्याच खाचरात गेलात, तर तेच बेडूक मातकट रंगात दिसतील आणि कोणी त्यांची चित्रफीत काढणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बेडकाची कातडी पातळ, ओलसर आणि केशवाहिन्यांनी भरलेली असते. तो तिच्यातून श्वास घेतो आणि तिच्यातूनच पाणी पितो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या अंगाची, मांड्यांजवळची कातडी ओल्या मातीला टेकवली, की ती टिपकागदासारखी पाणी शोषून घेते. या सोयीची दुसरी बाजू अशी, की जिच्यातून पाणी आत येते, त्याच कातडीतून ते बाहेरही जाते. म्हणून फाल्गुन-चैत्रात हवा कोरडी होऊ लागली, की बेडूक जमिनीच्या भेगा, खेकड्यांची बिळे, दगडांखालची ओल किंवा तळ्याच्या काठचा चिखल शोधतात. तेथे ते हालचाल थांबवतात, हृदयाचे ठोके आणि श्वसन मंदावते, आणि शरीराला लागणारी ऊर्जा इतकी घटते, की साठवलेल्या चरबीवर महिने निघतात. मूत्राशयात साठलेले पातळ मूत्र हीच त्यांची पाण्याची टाकी. त्यातील पाणी गरजेप्रमाणे रक्तात परत घेतले जाते. पुस्तकी भाषेत याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. झिरपणारे पाणी अंगाला लागले, की ते जागे होतात.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त बेडकांवर आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे निजलेले बेडूक पर्जन्याने जागे होऊन बोलू लागतात आणि गुरूमागून शिष्याने म्हणावे तसे एकामागून एक ओरडतात, असे त्यात वर्णन आहे. सूक्तकर्त्याने बेडूक ढगातून पाडले नाहीत, जमिनीवरच निजवले, हे अबोलीताईंच्या आजींना सांगायला हवे होते.

वैनगंगा | १० जून, दुपारी ३.१०

गुरुजी, सूक्ताचा उल्लेख आवडला. आमच्या विदर्भातील गावी पाऊस लांबला, की मुले धोंडी मागायला निघत. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधून त्यात बेडूक लटकवलेला असे आणि घरोघरच्या बाया त्यावर घागरीने पाणी ओतत. लहानपणी मीही ते मुसळ खांद्यावर घेतले आहे. खांद्यावरून बेडकाच्या पोटाची धडधड दिसत असे. त्या वेळी गंमत वाटली होती. आता वाटते, की भर उन्हात त्या जिवाला मिळत असलेल्या घागरभर पाण्यानेच तो वाचत असावा. मुसळावर बेडूक सापडायचा कुठून, हा प्रश्न मात्र तेव्हा पडला नाही. आमच्यातील एक मोठा मुलगा रांजणाखालच्या ओलीत हात घालून तो काढत असे. म्हणजे उत्तर घरातच होते.

मांडवीकर | १० जून, सायंकाळी ६.३०

खाचरात बॅटरी घेऊन गेल्याचे वाचले आणि आमच्याकडची दुसरी बॅटरी आठवली. गोव्यात पहिल्या पावसाच्या रात्री पूर्वी माणसे पेट्रोमॅक्स आणि पोती घेऊन शेतांत उतरत. डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला, की हा बेडूक जागीच थिजतो. त्याच्या मागच्या पायांचे मटण खानावळींतून 'जंपिंग चिकन' या नावाने मिळत असे. हा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, वनखाते जूनमध्ये रात्रीची गस्त घालते आणि लोकही पुष्कळ जागे झाले आहेत. तरीही चोरून धंदा पूर्णपणे थांबला आहे, असे मी म्हणणार नाही.

यातील क्रूर भाग असा, की वर्षभर लपून राहणारा हा प्राणी ज्या दोन-तीन रात्री अंडी घालण्यासाठी उघड्यावर येतो आणि ओरडून स्वतःचा पत्ता सांगतो, त्याच रात्री तो पकडला जातो. पोत्यात गेलेली प्रत्येक मादी म्हणजे न घातलेली हजारो अंडी.

अळणी_भाकरी | १० जून, सायंकाळी ७.१५

मांडवीकर, आपले म्हणणे पटते, परंतु खापर केवळ खवय्यांवर फोडू नये. भारतातून बेडकांच्या तंगड्या गोठवून परदेशी पाठवण्याचा अधिकृत व्यापार कित्येक वर्षे चालू होता आणि तो हजारो टनांचा होता. भाताच्या शेतांतील कीड वाढते आहे, अशी ओरड झाल्यावर १९८७ साली निर्यात बंद झाली. त्यासाठी मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी पाठपुरावा केला होता. पक्ष्यांच्या माणसाने बेडकांसाठी भांडावे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

जुना_विद्यार्थी | १० जून, रात्री ९.४०

गुरुजींनी चरबीचा उल्लेख केला, त्यावर एक आठवण. बारावीला आम्ही मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी जखडलेला बेडूक उघडला, तेव्हा सरांनी चिमट्याने मूत्रपिंडाजवळचा एक झुबका उचलून दाखवला. केशरी-पिवळ्या, इवल्याशा बोटांसारख्या त्या फांद्या पाहून कोणीतरी म्हणाले, "सर, झेंडूचे फूल." त्या मेदकाया होत्या. सर म्हणाले, हा याचा उन्हाळ्याचा शिधा. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून आम्ही ती आकृती कधी काढली नाही. हृदयाचे तीन कप्पे मात्र झोपेतही काढता येत होते. आता विच्छेदन बंद झाले, ते योग्यच झाले. परंतु तो झुबका ज्याने पाहिला आहे, त्याला धाग्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर डोळ्यांसमोर दिसते, एवढे नमूद करतो.

कोयनाकाठ | ११ जून, सकाळी ७.५०

आतापर्यंतची सर्व चर्चा एकाच बेडकावर चालली आहे, म्हणून थोडी आडवाट घेतो. महाबळेश्वर-माथेरानला पावसाळ्यात संध्याकाळी झुडपांतून 'टिक्-टिक्-टिक्' असा आवाज येतो आणि लोक म्हणतात, रातकिडे बोलू लागले. त्यातील कित्येक आवाज रातकिड्यांचे नसून अंगठ्याच्या नखावर मावतील अशा झुडूपबेडकांचे असतात. हे बेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत. ओलसर पाचोळ्यात किंवा पानांवर घातलेल्या अंड्याच्या आतच सगळी वाढ होते आणि अंड्यातून थेट चार पायांचा, मुगाच्या दाण्याएवढा बेडूक बाहेर येतो. 'अंडी, बेडूकमासा, बेडूक' हे आपण शाळेत शिकलेले चक्र त्यांनी मधूनच कापून टाकले आहे.

दुसरा आमच्या शेजारचा. कोयनेच्या खोऱ्यातील हुंबरळी परिसरातील ओढ्यांवर एक रातबेडूक राहतो. १९५५ साली त्याचे नामकरण झाले, ते वर अळणी_भाकरी यांनी उल्लेखिलेल्या अब्दुलअलींच्याच नावाने: निक्टिबॅट्राकस हुमायुनी. बहुतेक बेडकांत नर मादीला पाठीमागून काखेत किंवा कमरेत घट्ट मिठी मारतो आणि अंडी बाहेर पडताच त्यांवर शुक्राणू सोडतो. हा मात्र मादीला धरत नाही. हात पानावर टेकवून तिच्या पाठीवर नुसता स्वार होतो, तिच्या पाठीवरच शुक्राणू सोडतो आणि निघून जातो. त्यानंतर मादी अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेल्या शुक्राणूंनी ती फळतात. जगात बेडकांच्या मिलनाच्या सहा पद्धती ठाऊक होत्या. ही सातवी २०१६ साली प्रसिद्ध झाली. शिवाय या जातीत मादीही ओरडते, जे बेडकांत दुर्मीळ आहे. अंडी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर असतात. पिल्ले बाहेर पडली, की खाली पाण्यात टपकतात.

आळसोबा | ११ जून, सकाळी ८.१०

मिठी न मारता निघून जाणारा नवरा आणि आवाज चढवणारी बायको. यासाठी शास्त्रज्ञांना ओढ्याकाठी रात्री जागवाव्या लागल्या, याचे नवल वाटते.

पिंपातली_जलपरी | ११ जून, दुपारी १.३०

माझ्या घरी न्हाणीघरात मीटरच्या पेटीवर एक फिकट तपकिरी बेडूक तीन वर्षे येऊन-जाऊन आहे. बोटांच्या टोकांना गोल चकत्या आहेत, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर सरळ चढतो. उन्हाळ्यात तो पाय दुमडून, हात छातीखाली घेऊन चुन्याच्या भिंतीला असा चिकटतो, की गिलाव्याचा पोपडा वाटावा. म्हणजे आमचा पाहुणा आठ महिने न्हाणीघरातच असतो. सड्यावरचा यांनी आपल्या प्रश्नाची जागा थोडी वाढवावी.

मागच्या आषाढात सासूबाईंनी मला हाक मारली, की पिंपाच्या आतल्या कडेला कोणीतरी साबणाचा फेस टाकला आहे. त्यांनी तो खराट्याने काढून फेकला. नंतर समजले, की ते त्या बेडकीचे घरटे होते. अंड्यांबरोबर स्रवणारा द्रव मागच्या पायांनी घुसळून ती फेस तयार करते. वरून तो वाळतो, आत ओल राहते आणि पिल्ले तयार झाली, की फेस विरघळून ती खाली पाण्यात पडतात. सासूबाईंना फार चुटपुट लागली. यंदा पिंपावर झाकण ठेवायचे नाही, असे त्यांनीच ठरवले होते. परंतु डासांची तपासणी करायला येणाऱ्यांनी त्यावर हरकत घेतली, आणि ती हरकतही रास्त आहे.

एक निरीक्षण लिहिते. त्याने झुरळ धरले, की गिळताना त्याचे दोन्ही डोळे मिटतात आणि खोबणीत आत जातात. मला वाटायचे, चव घेतो आहे.

निवृत्त_गुरुजी | ११ जून, दुपारी ४.००

जलपरीताई, तो डोळ्यांनी घास ढकलतो. बेडकाच्या डोळ्यांच्या खोबणीला खालून हाडाचा तळ नसतो, त्यामुळे डोळे आत ओढले, की ते टाळूवर दाब देऊन भक्ष्य घशाकडे सारतात. त्याची जीभही आपल्याप्रमाणे मागे नव्हे, तर जबड्याच्या पुढच्या बाजूला चिकटलेली असते आणि मागचे टोक मोकळे असते, म्हणून ती उलटी फेकता येते.

बादलीवाला | ११ जून, सायंकाळी ५.२५

गुरुजींच्या माहितीबद्दल आदर ठेवून एक शंका मांडतो. बेडूकमासे शेवाळ खातात, म्हणजे शाकाहारी असतात, असे आम्हाला शिकवले गेले. दोन वर्षांपूर्वी मी डबक्यातून ओंजळभर बेडूकमासे आणून बादलीत ठेवले, त्यात शेवाळाचे दगडही ठेवले. पहिल्या दिवशी मोजले, ते एकतीस होते. चौथ्या दिवशी एकोणीस आणि आठव्या दिवशी सात. मात्र ते सात चांगलेच गलेलठ्ठ झाले होते. एकदा तर एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर वळवळत असताना मी प्रत्यक्ष पाहिली. मी पाणी बदलायला चुकलो, म्हणून ते मेले, असे घरचे म्हणतात. मला ते मान्य नाही.

निवृत्त_गुरुजी | ११ जून, रात्री ८.५०

घरच्यांना सांगा, की आपण निर्दोष आहात. मी वर्गात तीस वर्षे 'बेडूकमासे शाकाहारी' असेच सांगितले, आणि पुष्कळ जातींच्या बाबतीत ते बरोबरही आहे. त्यांचे लांबलचक, घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले आतडे शेवाळ पचवण्यासाठीच असते. परंतु बैलबेडकाची पिल्ले मांसाहारी असतात. डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या जातींचे बेडूकमासे खातात आणि आपली भावंडेही सोडत नाहीत. पहिल्याच पावसात अंडी घालण्याचा फायदा येथे दिसतो: उशिरा येणाऱ्यांची पिल्ले त्यांच्यासाठी तयार शिधा ठरतात.

अबोली_कराड | ११ जून, रात्री ९.१५

आणि शेवटी त्यांची शेपटी गळून पडते ना? की तेही चुकीचे शिकलो?

बादलीवाला | ११ जून, रात्री ९.३०

गळत नाही, ताई. उरलेल्या सातांपैकी तिघांचे मी शेवटपर्यंत पाहिले. आधी मागचे पाय आले, नंतर एके सकाळी पुढचा एक आणि दुपारपर्यंत दुसरा. त्यानंतर ते काहीच खाईनात, म्हणून मी घाबरलो. शेपटी दिवसागणिक आखूड होत गेली आणि तळाशी कुठेही पडलेली सापडली नाही. नंतर वाचनात आले, की त्या दिवसांत तोंड आणि आतडे नव्याने घडत असतात, खाणे शक्यच नसते, आणि शेपटीच विरघळून शरीराला पुरवली जाते. हे सर्व गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे घडते. दगड पाण्याबाहेर न ठेवल्याने तिघांतील एक बुडून मेला. बेडूक बुडतो, हे मला तेव्हा कळले.

कुंपणापलीकडे | १२ जून, सकाळी १०.००

अबोलीताईंच्या विषाच्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच राहिले आहे. पिवळा बैलबेडूक विषारी नाही. परंतु अंगणात दिव्याखाली किडे टिपत बसणारा, खरखरीत चामखिळींचा, सावकाश चालणारा जो भेक असतो, त्याच्या डोळ्यांमागील दोन फुगीर ग्रंथींतून पांढरा विषारी चीक येतो. आमच्या कुत्र्याने एकदा असा भेक तोंडात धरला आणि दुसऱ्या क्षणी सोडून दिला, तरीही त्याच्या तोंडातून फेस येऊ लागला आणि तो डोके आपटू लागला. आम्ही ओल्या फडक्याने हिरड्या पुसल्या, तोंड खाली धरून पाण्याने धुतले आणि तसेच पशुवैद्यांकडे नेले. तो वाचला. माणसाने भेकाला हात लावल्याने चामखीळ उठत नाही. हात धुतले आणि डोळे चोळले नाहीत, म्हणजे पुरे.

कोरडवाहू | १२ जून, दुपारी २.२०

माहिती उत्तम मिळते आहे, परंतु मी सांगली जिल्ह्यातील आमच्या शिवाराविषयी लिहितो, जेथे यंदा पहिल्या पावसानंतर तीन रात्री मी ओट्यावर बसलो आणि एकही बैलबेडूक ऐकला नाही. लहानपणी याच ओट्यावर आवाजामुळे रेडिओ ऐकू येत नसे. माझ्या मते कारण तणनाशके आणि कीटकनाशके हेच आहे. गुरुजींनीच सांगितले, की बेडूक कातडीने पाणी पितो. मग शेतातील पाण्यात जे आहे, ते सगळे तोही पिणार.

कोयनाकाठ | १२ जून, सायंकाळी ६.४०

औषधांचा वाटा असेलच. परंतु तेच एकमेव कारण मानू नये. आपल्या शिवारातील बांध किती उरले, विहिरींना सिमेंटचे कठडे कधी झाले, ओढ्याचे खोलीकरण करताना काठचा चिखल कुठे गेला, हेही पाहावे. निजायची जागाच उरली नाही, तर उठणार कोण? शिवाय जेथे शेती नाही, तेथेही बेडूक घटत आहेत. कायट्रिड नावाची बुरशी त्यांच्या कातडीवर वाढते. कातडीतून होणारी क्षारांची देवघेव बिघडते आणि शेवटी हृदय थांबते. मध्य अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तिने जातीच्या जाती संपवल्या. सह्याद्रीतील बेडकांवरही ती आढळली आहे. २०२३ साली आठ हजारांहून अधिक उभयचर जातींचा जागतिक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. त्यातील आपल्याकडचे एक नाव म्हणजे आंबोलीचा भेक, जो २००९ साली नवी जात म्हणून ओळखला गेला. कातळावरच्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते आणि त्याच दिवसांत धबधबा पाहायला येणाऱ्या गाड्यांखाली तो रस्त्यावर चिरडला जातो.

कोरडवाहू | १२ जून, रात्री ८.००

बांधांविषयीचे म्हणणे मान्य. आमचा एक बांध मी स्वतःच ट्रॅक्टर वळायला जागा हवी, म्हणून काढला. औषधांविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही.

हिमगंध | १३ जून, सकाळी ६.१५

कॅनडातील ओंटारिओमधून लिहितो आहे. येथे प्रश्न उन्हाळ्याचा नसून हिवाळ्याचा आहे. आमच्या घरामागील रानात एक लहानसा बेडूक राहतो. डोळ्यावरून काळी पट्टी असल्याने दरोडेखोरासारखा दिसतो. थंडीत तो खोल जातच नाही, नुसत्या पाचोळ्याखाली बसतो आणि चक्क गोठतो. शरीरातील सुमारे ६५ टक्के पाण्याचे बर्फ होते, हृदय थांबते, श्वास थांबतो. यकृत त्याआधी रक्तात भरपूर ग्लुकोज सोडते. त्या साखरेमुळे पेशींच्या आतील पाणी टिकते आणि बर्फ पेशींच्या बाहेरच राहते. वसंतात बर्फ वितळले, की हृदय पुन्हा सुरू होते आणि काही दिवसांतच तळ्यावर बदकांसारखी 'क्वॅक क्वॅक' सुरू होते. पहिल्या वर्षी मी बदके शोधत तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. पत्नी म्हणाली, देशात असताना पावसाळ्यात खिडकी लावून घेत होतास, आणि येथे बेडकांच्या मागे हिंडतो आहेस.

गुरुजींच्या एका वाक्याला पुरवणी जोडतो. अमेरिकेच्या वाळवंटातील कुदळपायी बेडकांवर एक अभ्यास झाला होता, जो १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की ते ओल लागल्यामुळे नव्हे, तर पावसाच्या सरींच्या जमिनीतून पोहोचणाऱ्या खर्जातील कंपनांमुळे वर येतात. कोरड्या मातीतही मोटर लावून थरथर निर्माण केली, तर ते बाहेर आले. आपल्याकडील जमिनीत निजणाऱ्या बेडकांनाही असेच कळत असेल का, हा प्रश्न मला सड्यावरचा यांच्याइतकाच आहे.

सड्यावरचा | १४ जून, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. हिमगंध यांचे वाचून मी गड्याला विचारले. तो म्हणाला, "ढग गडगडला, का तो खाली कूस बदलतो." त्याने प्रयोग केलेला नाही, परंतु मत ठाम आहे.

एप्रिलमधील त्या बेडकाचे मी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले होते, ते आज मोठे करून पाहिले. मागच्या पावलाच्या आतल्या अंगाला, टाचेजवळ, नखासारखी एक कडक, फिकट कड दिसते. ती जखम असावी, असे तेव्हा वाटले होते.

निवृत्त_गुरुजी | १५ जून, सकाळी ७.३०

ती जखम नव्हे, खोरे आहे. आपल्याला सापडला, तो बिळकरी बेडूक, स्फेरोथेका गटातला. ही जात मागच्या पायांनी माती उकरत, पार्श्वभागाकडून जमिनीत उतरते. वरून पाहणाऱ्याला बेडूक बसल्या जागी खाली बुडतो आहे, असे वाटते. म्हणजे आपल्या पहिल्या लिखाणात दोन निरनिराळे प्राणी होते. पिवळे गवई भेगा, बिळे आणि चिखलातील ओल शोधून राहतात. खड्ड्यातील गोटी स्वतःचे बीळ स्वतः खणते. जलपरीताईंचा भिंतीवर निजतो आणि केरळच्या इडुक्कीतील जो जांभळा बेडूक २००३ साली जगापुढे आला, तो जमिनीखाली वाळवी खात वर्ष काढतो आणि विणीपुरता थोडे दिवस वर येतो. त्याचे सर्वांत जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत. कंपनांविषयी हिमगंध यांनी लिहिले, ते मला ठाऊक नव्हते. माझे 'पाणी अंगाला लागले, की' हे वाक्य घाईचे होते, असे आता वाटते.

सड्यावरचा | २९ जून, सायंकाळी ७.००

थोडी नंतरची हकिकत. खाचरात चिखलणी झाली. पिवळे बेडूक तिसऱ्याच रात्रीनंतर गप्प झाले होते. आता बांधावर हिरवट-तपकिरी रंगाचे चार-पाच बसलेले दिसतात, चाहूल लागली, की उड्या टाकतात. गड्याने बेडूक ठेवलेल्या जागी माती मधोमध उकललेली आहे आणि आत बोटभर रुंदीचे रिकामे भोक आहे.

वाटेवर बैलाच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात चाळीसेक काळे ठिपके वळवळत आहेत. गेले चार दिवस उघडीप आहे आणि आज पाणी नखभर उरले होते, म्हणून मी दोन तांबे पाणी आणून ओतले. निसर्गात अशी ढवळाढवळ करावी की नाही, हे मला समजत नाही.

बादलीवाला | २९ जून, सायंकाळी ७.२०

पाणी कोणते ओतले? नळाचे क्लोरीन घातलेले असेल, तर त्यांना बाधते.

सड्यावरचा | २९ जून, सायंकाळी ७.२५

विहिरीचे.

बादलीवाला | २९ जून, सायंकाळी ७.२६

मग उद्याही ओता. आणि मोजून ठेवा.